तेरा सारख्या गाड्या : ड्युरिये प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२३

दिवाळीनंतर शाळेत भरणाऱ्या यंत्र-प्रदर्शनासाठी एखाद्या जुन्या मोटारगाडीची प्रतिकृती करून द्यावी, अशी सूचना मुख्याध्यापिकाबाईंनी केली आणि कारखान्याच्या टूलरूममधून (हत्यारे आणि मापाची साधने घडवणाऱ्या विभागातून) निवृत्त झाल्यापासून हात रिकामेच असल्यामुळे मी ती लगेच मान्य केली. सगळ्यांनी फोर्डचे नाव सुचवले. फोर्डची गाडी कोणीही ओळखतो, आणि नेमक्या त्याच कारणाने ती करण्यात मला रस वाटला नाही. अमेरिकेत पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या विकण्यासाठी तयार करणारी पहिली कंपनी म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील ड्युरिये मोटर वॅगन कंपनी. ती १८९५ मध्ये स्थापन झाली आणि १८९८ मध्ये संपलीसुद्धा. ‘मोटर वॅगन’ या नावाचे शब्दशः भाषांतर करू गेलो तर ‘मोटारगाडी’ हाच आपला रोजचा शब्द हाती येतो, ही गोष्ट मला फार आवडली आणि विषय तिथेच ठरला.

प्रमाण एक-अष्टमांश ठेवायचे, चौकट आणि चाके लाकडाची, यंत्रभाग पितळ व पोलादाचे. तूर्त १८९३ ची पहिली गाडी करायची असे ठरवले आहे.

१४ जून

पहिल्या गाडीची हकिगत थोडक्यात लिहून ठेवतो, कारण मुले पहिला प्रश्न तोच विचारतील. चार्ल्स ड्युरिये यांचा जन्म १८६१ चा आणि धाकटे बंधू फ्रँक यांचा १८६९ चा. दोघेही मूळचे इलिनॉय राज्यातील. चार्ल्स सायकली तयार करत असत, आणि त्या सायकलींचे काम स्प्रिंगफील्डजवळच्या चिकोपी गावातील एम्स कारखान्यात चालत असल्यामुळे दोघे तिकडे आले; फ्रँक त्याच कारखान्यात हत्यारे घडवणारे कारागीर म्हणून काम करू लागले. १८९२ मध्ये त्यांनी सत्तर डॉलरना एक वापरलेली घोड्याची बग्गी विकत घेतली, अर्विन मार्कहॅम नावाच्या एका स्थानिक गृहस्थाने हजार डॉलरचे भांडवल देण्याचे कबूल केले, आणि टेलर स्ट्रीटवरील एका यंत्रशाळेत भाड्याची जागा घेऊन काम सुरू झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चार्ल्स आपल्या सायकलींच्या व्यवसायासाठी इलिनॉयमधील पिओरियाला निघून गेले. मागे उरलेल्या फ्रँकना विषमज्वराने गाठले आणि काही आठवडे काम बंद राहिले. त्यातून उठल्यावर इंजिन चालते करण्याचे, म्हणजे खरे किचकट, काम त्यांनी एकट्याने केले.

सप्टेंबर १८९३ मध्ये गाडी तयार झाली. चाचणीसाठी तिला यंत्रशाळेतून शहराच्या कडेला न्यायचे होते, आणि तिथवर ती घोड्याने ओढत नेली. फलकावर हे वाक्य नक्की घ्यायचे.

२० जून

चाकांना हात घातला. आमच्या पेठेतले सुतार अजून बैलगाडीची चाके भरतात. त्यांच्याकडे मापे घेऊन गेलो. हाताच्या पंजाएवढे चाक पाहून ते आधी हसले, पण नंतर तुंबा (मधला गाभा), आरे, पाटे (कडेचे वळणदार लाकडी तुकडे) आणि धाव (बाहेरची लोखंडी पट्टी) हे सगळे खऱ्या चाकासारखेच, सांधे बसवून करायचे, असा आग्रह त्यांनीच धरला. माझा विचार एका फळीतून चाक कापून काढण्याचा होता. त्यांनी तो ऐकून घेतला आणि न बोलता तुंब्यासाठी बाभळीचा तुकडा निवडायला घेतला.

ड्युरियेंच्या पहिल्या गाडीची चाके अशीच होती. बग्गी घोड्यासाठी तयार झालेली आणि तिच्या पोटाखाली इंजिन टांगलेले. घोडा ओढतो तेव्हा चाक नुसते फिरते. त्याच्या आऱ्यांवर भार असतो, पीळ नसतो. इंजिनाने मागचे चाक फिरवायला घेतले की तोच आरा तुंब्यातून पिळला जातो. सुतारांना हे सांगितल्यावर त्यांनी मागच्या चाकांचे आरे तुंब्यात दोन मिलिमीटर जास्त खोल बसवले.

२ जुलै

पहिल्या गाडीचे इंजिन एका सिलिंडरचे, सुमारे चार अश्वशक्तीचे. त्याचा क्रँकशाफ्ट (दट्ट्याची ये-जा गोल फिरण्यात बदलणारा दांडा) उभा आणि फ्लायव्हील (फिरण्याची गती टिकवणारे जड चाक) जात्याच्या तळीसारखे आडवे होते, कारण उभे फ्लायव्हील वेगाने फिरू लागले तर त्याच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे गाडी वळवणे अवघड होईल, अशी शंका बंधूंना वाटत होती. पुढच्या शंभर वर्षांत कोट्यवधी मोटारी उभ्या फ्लायव्हीलने बिनघोर वळल्या. पण ज्याने अजून एकही मोटार वळलेली पाहिली नाही त्याने ही शंका घ्यावी, हे मला शहाणपणाचेच वाटते.

शक्ती चाकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी घर्षणावर चालणारी रचना केली होती, म्हणजे फिरत्या भागाला दुसरा भाग दाबून धरायचा आणि त्यांच्यातील पकडीवर गाडी चालवायची. मी चामड्याची चकती लावून तशी जोडणी करून पाहिली. हाताने फिरवली तेव्हा छान चालली, लहान विद्युत मोटर जोडून चाकाला बोट लावून अडवले तेव्हा चामडे सरकू लागले, आणि पाच मिनिटांत जळक्या चामड्याचा वास खोलीभर झाला. फ्रँक यांनाही ही रचना दगा देत होती. तिची पकड पुरत नाही हे रस्त्यावर दिसल्यावर त्यांनी ती काढून टाकली आणि १८९३-९४ च्या हिवाळ्यात दात्यांची चाके व क्लच बसवले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे ही गाडी १९२० पासून आहे, ती या सुधारलेल्या रूपात.

९ जुलै

योजना बदलतो आहे. महिनाभर मी पहिल्या गाडीवर काम करत आहे आणि ती गाडी कंपनीची नव्हेच. ती दोन भावांची प्रयोगाची गाडी होती. कंपनी तिच्यानंतर दोन वर्षांनी निघाली. अमेरिकेत एकेक प्रयोगगाडी करणारे त्या दशकात अनेक होते आणि ‘पहिला कोण’ या वादाला तिथे अंत नाही. कंपनीने जे केले ते वेगळे आहे : १८९६ या एका वर्षात तिने एकाच आराखड्यावरून तेरा गाड्या तयार केल्या. त्या देशात असे आधी कोणी केले नव्हते. मी आयुष्यभर गेज (माप तपासायचे साधन) आणि फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी बैठक) करत आलो. तेराव्या गाडीचा भाग पहिल्या गाडीला बसतो की नाही, हा प्रश्न मला ‘पहिला कोण’ यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

म्हणून आता १८९६ च्या गाडीच्या दोन प्रतिकृती करायच्या, आणि त्या सारख्या करायच्या. तेरा करण्याइतके आयुष्य आणि पितळ माझ्याकडे नाही. चाके वाया जाणार नाहीत, फक्त आणखी चार लागतील. सुतारांना हे कळवताना मला थोडे अपराधी वाटले.

२३ जुलै

हे काम स्प्रिंगफील्डलाच का झाले, याचा विचार करताना मोटारीपेक्षा बंदुकांविषयी जास्त वाचावे लागले. अमेरिकन सरकारने १७९४ मध्ये स्प्रिंगफील्डला शस्त्रागार स्थापन केले, आणि पुढील अर्धशतकात तिथे व कनेटिकट नदीच्या खोऱ्यातील खासगी कारखान्यांत बंदुकीचे भाग इतके मापात करण्याची पद्धत वाढली की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. थॉमस ब्लँचर्ड यांनी बंदुकीच्या दस्त्याची नक्कल कोरणारा लेथ तिथेच रूढ केला; त्याचे पेटंट १८१९ चे. दस्त्यासारखा वेडावाकडा आकारही एका नमुन्यावरून हव्या तितक्या वेळा उतरवता येतो, हे त्याने दाखवले, आणि पुढे त्याच तत्त्वावर चाकांचे आरेही यंत्रावर निघू लागले. आमच्या सुतारांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ‘मग त्या आऱ्यांत रेषा बघून लाकूड कोण निवडत होतं?’ असा प्रश्न केला, ज्याचे उत्तर ब्लँचर्डच्या लेथमध्ये नाही.

फ्रँक ड्युरिये ज्या एम्स कारखान्यात हत्यारे करत होते, तो तलवारी आणि यंत्रे या दोन्हींसाठी प्रसिद्ध होता. गेज म्हणजे काय, फिक्स्चर कशासाठी, हे त्या खोऱ्यात एखाद्या फिटरला शिकवावे लागत नसे. आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जसे दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकावूनच अर्धे काम शिकता येते, तसेच तिथे असणार, असा माझा अंदाज आहे.

६ ऑगस्ट

ओतकाम परत पाठवले. दोन्ही सिलिंडर-खोक्यांत हवेचे पोकळ खड्डे निघाले, आणि ओतणाऱ्याचे म्हणणे असे की प्रदर्शनाच्या वस्तूला इतके कशाला बघायचे. पंधरा दिवस गेले.

२० ऑगस्ट

ओतकाम येईपर्यंत शिकागोच्या शर्यतीचा मजकूर लिहून काढला, कारण कंपनीचे नाव जे झाले ते या शर्यतीमुळे. शिकागोच्या टाइम्स-हेराल्ड या वृत्तपत्राचे मालक एच. एच. कोलसाट यांनी १८९५ मध्ये बिनघोड्याच्या गाड्यांची शर्यत जाहीर केली. शिवाय अशा वाहनाला काय म्हणावे यासाठी वेगळे बक्षीस ठेवले, आणि त्यात ‘मोटोसायकल’ हा शब्द निवडला गेला, जो टिकला नाही. शर्यतीसाठी ऐंशीहून अधिक स्पर्धकांची नावे आली, गाड्या मात्र कोणाच्याच तयार नव्हत्या, म्हणून तारीख पुढे ढकलत २ नोव्हेंबरपर्यंत आणली. त्या दिवशी दोनच गाड्या धावल्या आणि त्यांपैकी ड्युरिये एका शेतकऱ्याच्या गाडीला वाट देताना खड्ड्यात गेली. खरी शर्यत २८ नोव्हेंबर १८९५ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत झाली.

आदल्या दिवसांत बर्फ पडले होते. जॅक्सन पार्कपासून इव्हान्स्टनपर्यंत आणि परत, असे सुमारे ५४ मैल म्हणजे ८७ किलोमीटर अंतर होते. सहा गाड्या सुटल्या : तीन जर्मन बेन्झ, दोन विजेवर चालणाऱ्या आणि एक ड्युरिये. विजेच्या गाड्यांना बर्फाने लवकरच गारद केले. फ्रँक चालवत असलेल्या ड्युरियेचा वळवण्याचा दांडा वाटेत मोडला आणि तो लोहाराच्या भट्टीवर सरळ करून घ्यावा लागला. पुढे एका सिलिंडरची ठिणगी पडेना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी उघडे दुकान शोधून पत्र्याच्या कारागिराकडे ती दुरुस्त केली. थांबे धरून १० तास २३ मिनिटांनी ती पोहोचली आणि दोन हजार डॉलरची मानकरी ठरली. दुसरी पोहोचली ती म्युलर यांची बेन्झ. तिचा चालक थंडीने आणि थकव्याने बेशुद्ध पडल्यामुळे शेवटचे अंतर पंच म्हणून बसलेल्या चार्ल्स ब्रॅडी किंग यांनी ती चालवली. याच किंग यांनी पुढच्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यांवर तिथली पहिली मोटार चालवली.

सरासरी काढली तर हा वेग सायकलवर दूध घालणाऱ्या माणसापेक्षा जास्त नाही. पण माझी नजर लोहारावरच अडकली आहे. मोडलेली गाडी रस्त्याकडेच्या भट्टीवर दुरुस्त होऊ शकली, कारण तिच्यातला प्रत्येक भाग अजून हाताने घडलेला होता. जी गाडी मापात तयार होते तिचा मोडलेला भाग लोहाराला सरळ करता येईलच असे नाही. त्याच मापाचा दुसरा भाग हाताशी असावा लागतो.

३ सप्टेंबर

नवे ओतकाम चांगले आले. आज वळवण्याच्या दांड्याची जोडणी केली आणि या गाडीविषयीचा आदर वाढला. या गाडीला गोल चाकासारखे स्टिअरिंग नाही. चालकासमोर एकच दांडा आहे. तो डावी-उजवीकडे नेला की गाडी वळते, वर-खाली केला की गिअर बदलतो, आणि त्याची मूठ पिळली की इंजिनाचा वेग कमी-जास्त होतो. मूठ पिळून वेग बदलणे आपल्याकडच्या प्रत्येक स्कूटरवाल्याच्या मनगटात भिनलेले आहे. मुलांना ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कल्पना नामी आहे, पण करणाऱ्याच्या दृष्टीने ती कटकटीची आहे, कारण तीन वेगळ्या हालचाली एकाच सांध्यातून न्याव्या लागतात आणि एकीचा सैलपणा दुसरीत उतरतो. सांध्यातली पिन ३ मिलिमीटरची ठेवली. भोकात पाच शतांश मिलिमीटर जागा सोडली तर दांडा हलका फिरतो, त्याहून जास्त सोडली तर गाडी वळवताना गिअर सुटतो. खड्ड्यातून जाताना चालकाचा हात नकळत वर उचलला गेला तर काय होत असेल, हे मी टेबलावर पाहिले : पहिल्यातून दुसऱ्यात.

१७ सप्टेंबर

१८९६ हे कंपनीचे एकमेव भरभराटीचे वर्ष. तेरा गाड्यांची विक्री सुरू झाली. बार्नम अँड बेली सर्कसने आपल्या मिरवणुकीत हत्ती-घोड्यांबरोबर एक ड्युरिये फिरवली, म्हणजे लोकांच्या लेखी ती अजून वाहनापेक्षा तमाशाच जास्त होती. ३० मे रोजी न्यूयॉर्कच्या कॉस्मोपॉलिटन मासिकाने ठेवलेली शर्यत ड्युरियेने जिंकली, आणि त्याच दिवशी त्याच शहरात एका ड्युरियेच्या मालकाची गाडी सायकलवरून जाणाऱ्या महिलेवर जाऊन तिचा पाय मोडला व चालकाला रात्रभर कोठडीत बसावे लागले. अमेरिकेतील मोटार-अपघातांच्या इतिहासाची सुरुवात बहुधा याच प्रसंगापासून केली जाते. १४ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये रस्त्यावरील वेगमर्यादा सैल झाल्याच्या आनंदात लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्यांची फेरी निघाली, तेव्हा तीत ड्युरिये गाड्या होत्या आणि ब्रायटनला लवकर पोहोचणाऱ्यांत त्यांची गणना झाली.

एका वर्षात दोन खंडांत नाव, आणि मागे उत्पादन तेरा. हा हिशेब मला रात्रभर सुचत राहिला.

१ ऑक्टोबर

दोन्ही प्रतिकृती शेजारी ठेवून भागांची अदलाबदल करून पाहिली. पहिलीचा मागचा आस दुसरीला बसला, फ्लायव्हील बसले, दांड्याचा सांधा कसाबसा बसला. पण दुसरीची इंजिन-चौकट पहिलीच्या साट्यात (गाडीच्या लाकडी चौकटीत) दीड मिलिमीटर आत जायला तयार नव्हती. कारण शोधायला तासही लागला नाही. धातूच्या भागांसाठी मी गेज केले होते, लाकडाच्या साट्यासाठी केले नव्हते. ‘लाकूडच तर आहे’ म्हणून दुसरा साटा मी पहिल्यावरून नजरेने मापून घेतला होता. चाळीस वर्षे दुसऱ्यांना ज्यासाठी रागावलो तेच मी स्वतः केले.

आता लाकडासाठीही लोखंडी पट्टीचे साधे गेज केले आहे आणि दुसरा साटा पुन्हा करायला दिला आहे. ड्युरियेंच्या कारखान्यात लाकूडकाम आणि धातुकाम एकाच छपराखाली आल्यावर असे कितीदा झाले असेल, असा विचार मनात आला. बग्गी बांधणारा आणि बंदूक बांधणारा यांची ‘सारखे’ या शब्दाविषयीची कल्पना एक नसते. मोटार मात्र दोघांना मिळून करावी लागते.

१५ ऑक्टोबर

कंपनी का मिटली, हे फलकावर तीन ओळींत लिहायचे आहे, आणि गेला आठवडा त्यातच गेला. १८९८ मध्ये दोघे भाऊ वेगळे झाले आणि कंपनी संपली, ही घटना. चार्ल्स यांनी पुढे पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे तीन सिलिंडरांच्या, तीन चाकांच्याही गाड्या तयार केल्या. फ्रँक चिकोपी फॉल्सच्या स्टीव्हन्स या बंदुका व हत्यारे करणाऱ्या कंपनीबरोबर गेले आणि १९०१ पासून ‘स्टीव्हन्स-ड्युरिये’ या नावाने मोठ्या, महाग, प्रतिष्ठित मोटारी करत राहिले. म्हणजे दोघांनाही गाड्या करता येत होत्या. एकत्र येत नव्हत्या.

भावांच्या भांडणावर सगळे ढकलणे सोपे आहे, आणि आपल्याकडे घराघरांत वाटण्या झालेल्या असल्यामुळे वाचकाला ते लगेच पटतेही. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या १८९८ मध्ये ड्युरियेंची कंपनी मिटली त्याच वर्षी क्लीव्हलंडचे अलेक्झांडर विंटन यांनी बावीस गाड्या विकल्या आणि पुढच्या वर्षी सुमारे शंभर. तेही मूळचे सायकलवालेच. १९०१ मध्ये रॅन्सम ओल्ड्स यांच्या कारखान्यातून ४२५ लहान गाड्या बाहेर पडल्या. गिऱ्हाईक नव्हते असे म्हणता येत नाही. ते दोन वर्षे उशिरा आले एवढेच. तेरावरून शंभरावर जायला सर्वांत आधी लागते ती एका जागी बसून रोज तेच काम सुधारणारी माणसे, आणि चार्ल्स पिओरियात, फ्रँक शर्यतीत किंवा समुद्रापार, अशी विभागणी झाल्यावर स्प्रिंगफील्डच्या शेडमध्ये रोज उभे राहायला कोण उरले? टूलरूम सोडून साहेब प्रदर्शनात फिरू लागला की मापे कशी घसरतात, ते मी पाहिलेले आहे.

२९ ऑक्टोबर

फलकावर भावांची नावे कोणत्या क्रमाने लिहावीत, यावर शाळेतील इतिहासाच्या गुरुजींशी तासभर चर्चा झाली. चार्ल्स १९३८ मध्ये वारले आणि गाडीचे श्रेय आपले आहे हे सांगण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. कल्पना त्यांची, सुरुवातीचे आराखडे त्यांचे, पेटंटवर नाव त्यांचे. फ्रँक त्यांच्यामागे जवळजवळ तीस वर्षे जगले, १९६७ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले, आणि इंजिन प्रत्यक्ष चालवले ते आपण, हे त्यांचे म्हणणे उत्तरायुष्यात अधिक मानले गेले. गुरुजींचे मत वयाप्रमाणे थोरल्याचे नाव आधी लिहावे. मी धाकट्याच्या बाजूने बोललो आणि माझा पक्षपात उघड होता, कारण मी स्वतः कल्पनावाला कधीच नव्हतो. शेवटी दोघांचीही नावे बाजूच्या लहान पाटीवर न्यायची आणि मुख्य फलकावर फक्त कंपनीचे नाव, गाव, दोन साले आणि ‘तेरा गाड्या’ एवढेच ठेवायचे ठरले.

त्या तेरांपैकी एक गाडी आजही मिशिगनमधील डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. फोर्ड यांची स्वतःची पहिली गाडी जून १८९६ मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे स्प्रिंगफील्डला गाड्यांची विक्री सुरू झाल्यानंतर, आणि आता ती ड्युरिये त्यांच्याच छपराखाली उभी आहे. हे कळल्यावर मुलांना फोर्डही मिळेल आणि माझी पहिल्या दिवशीची हौसही राहील.

५ नोव्हेंबर

नवा साटा आला. इंजिन-चौकट दोन्ही साट्यांत दोन्ही बाजूंनी बसते. सहा वेळा काढून घालून पाहिली. सुतारांनी दुसऱ्या संचातील एका चाकाचा पाटा स्वतःहून बदलून दिला, कारण त्यांच्या मते त्याची रेषा पहिल्या संचासारखी नव्हती. माझ्या गेजला ते कळले नसते. दोन्ही गाड्यांच्या तळाशी १ आणि २ असे आकडे ठोकले. दुसरीचा दांडा वर नेताना अजून किंचित अडतो. उद्या सकाळी त्या पिनेवर कानशीचे दोन हात मारायचे आहेत, आणि मग शाळेचा टेम्पो येईल.